ज्या सालाची सायकल, त्या सालाचे भाग

इंग्लंडात बनलेल्या तीन गिअरच्या सायकलीचं मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, रॉकेलच्या चिंधीनं पुसलं, की काळ्या कीटाखालून अक्षरं वर येतात. स्टर्मी-आर्चर हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव, त्याच्याजवळ ए.डब्ल्यू. हे हबच्या मॉडेलचं नाव आणि दोन आकडे. १९५० च्या दशकातल्या हबवर ५२ आणि ११ असं कोरलेलं असेल, तर ते हब नोव्हेंबर १९५२ मध्ये तयार झालं. जुनी हलकी सायकल पुन्हा उभी करायची तर काम या दोन आकड्यांपासून सुरू व्हावं, असं मला ठामपणे वाटतं. रंग, क्रोम, टायर हे सगळं नंतर. आधी साल ठरवायचं.

अर्थात एकट्या हबवर विसंबून चालत नाही. चाक बदललेलं असू शकतं, आणि विदर्भात तर ते बदललेलं असण्याचीच शक्यता जास्त, कारण पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, गोट्यांवर रिमची वाट पहिल्यांदा लागते. म्हणून दुसरा आणि तिसरा पुरावा शोधायचा. फ्रेमचा नंबर सीटखालच्या लगवर (नळ्या जोडणाऱ्या बाहीवर) किंवा बीबी शेलच्या, म्हणजे पायडलचा ॲक्सल ज्यात फिरतो त्या आडव्या नळीच्या, खाली असतो. विल्यम्स कंपनीच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) सालाचं अक्षर असतं. चेनव्हीलच्या, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राच्या, नक्षीत बगळे असतील तर ती रॅले कंपनीची, पंजा असेल तर रज कंपनीची. हबची तारीख फ्रेमच्या सालाच्या काही महिने आधीची निघाली तर जोडी मूळची समजायला हरकत नाही. दहा वर्षांचं अंतर निघालं तर एक वस्तू नंतर आलेली आहे, आणि ती कोणती हे ठरवल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नये.

आपल्याकडे आणखी एक पुरावा सापडतो, तो म्हणजे सायकल-टॅक्सचा बिल्ला. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या आणि साल छापलेला बिल्ला द्यायच्या. तो चिमट्याजवळ (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कजवळ) किंवा हँडलच्या दांडीला तारेनं बांधलेला असे. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे बिल्ल्यावर गाव आणि साल वाचता आलं, तर ती सायकल तेव्हा कुठे चालत होती हे कळतं. कारखान्याच्या कोणत्याही यादीत ही माहिती मिळत नाही. पॉलिश करणारे पोरगे हा बिल्ला पहिल्यांदा काढून फेकतात. तसं होऊ देऊ नका.

आता हलकी म्हणजे कोणती, ते सांगतो. खेड्यापाड्यात जी काळी सायकल दिसते, २८ बाय १ १/२ ची चाकं, दांडी ब्रेक (केबलऐवजी सळयांनी ओढले जाणारे) आणि मागे पोतं बांधायला कॅरियर, ती रोडस्टर. तिचं वजन अठरा-वीस किलो. तिच्याहून वेगळी २६ बाय १ ३/८ च्या चाकांची, केबल ब्रेकची, तीन गिअरची सायकल म्हणजे लाईट रोडस्टर. रॅलेचं स्पोर्ट्‌स मॉडेल या घराण्यातलं. सगळ्या सामानासकट तिचं वजनही सोळा-सतरा किलोपर्यंत जातं, पण तिची चाल वेगळीच. त्याच्याही पलीकडे रेनॉल्ड्‌स ५३१ या हलक्या पोलादी नळीची क्लब सायकल, अकरा-बारा किलोची. ती विदर्भाच्या खेड्यात फार क्वचित निघते. निघाली तर ती कबाड्याच्या काट्यावर जाण्याआधी ओळखता आली पाहिजे.

'त्या काळातले भाग' याचा अर्थ मी दोन टप्प्यांत लावतो. कारखान्यातून सायकल ज्या भागांसह निघाली, ते पहिल्या टप्प्याचे भाग. त्याच काळात तिच्या मालकानं किंवा गावच्या मिस्त्रीनं जे बसवलं, ते दुसऱ्या टप्प्याचे. बरेच जण फक्त पहिला टप्पा मानतात आणि कॅटलॉगच्या चित्राबरहुकूम सगळं परदेशातून मागवतात. मला ते पटत नाही. टी.आय. सायकल्स १९४९ मध्ये मद्रासला सुरू झाली, ॲटलस १९५१ मध्ये सोनिपतला, हीरो १९५६ मध्ये लुधियान्याला, आणि पन्नाशीच्याच दशकात आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना चालू होता. १९५६-५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात आणखी आवळली गेली. म्हणजे १९५२ ची, रॅलेच्या नॉटिंगहॅम कारखान्यातली सायकल १९५८ मध्ये पुसद किंवा अचलपूरच्या दुकानात दुरुस्तीला आली, तर तिला आसनसोलचं पायडल लागणं हेच त्या काळाला धरून होतं. ते पायडल जपावं. इंग्लंडहून मागवलेलं पायडल तिथे कागदोपत्री अचूक ठरेल, पण त्या सायकलीचं आयुष्य पुसून टाकेल.

जे काढायचं ते मात्र निर्दयपणे काढावं. १९९० नंतरचे प्लॅस्टिक पायडल, जाड माउंटन हँडल, रबरी फुगीर गादी, स्टीलच्या जागी ठोकलेले प्लॅस्टिकचे मडगार्ड, वेल्डिंग करून लावलेला साइड स्टँड. यांतलं काहीही राखण्याचं कारण नाही. पण स्टँडचं वेल्डिंग ग्राइंडरनं उडवू नका. चेनस्टेच्या, म्हणजे बीबी शेलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या, नळीची भिंत पातळ असते, ग्राइंडर एका झटक्यात आरपार जातो. हातकरवतीनं वरवर कापून उरलेलं कानशीनं घासायचं.

भाग शोधायला निघण्याआधी फ्रेम सरळ आहे का ते पाहा. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचेला) दोरा बांधा, तो हेड ट्यूबला (हँडलखालच्या उभ्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. मग सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मागचा त्रिकोण एका बाजूला झुकला आहे. दुधाचे कॅन एकाच अंगाला लटकवून वर्षानुवर्षं चालवलेल्या सायकलीत हे हमखास दिसतं. हेड लगच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवा. तिथे सुरकुती किंवा रंगाला आडवी चीर जाणवली तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. चिमटाही मग वाकलेला असणारच.

आता आट्यांबद्दल. जुनी सायकल बिघडवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे चुकीच्या आट्यांची कटोरी (बीबी शेलमध्ये आवळली जाणारी, छर्रे फिरतात ती वाटी) पान्यानं रेटून बसवणं. इतर बहुतेक ब्रिटिश सायकलींच्या बीबी शेलमध्ये इंचाला २४ आटे असतात, तर रॅले स्वतःच्या कारखान्यात इंचाला २६ आटे पाडत असे. हेडसेटचंही (हँडलखालच्या बेअरिंगचंही) तेच. दोन्हीचा व्यास जवळपास सारखा, म्हणून चुकीची कटोरी पहिला एक-दीड फेरा आनंदानं आत जाते, मग जड होते. इथे मिस्त्री लांब पाना लावतो आणि शेलमधले आटे सपाट होतात. ही इजा भरून काढणं फार अवघड आणि खर्चिक आहे. टाळायचा उपाय साधा. व्हर्नियरनं जुन्या कटोरीचे दहा आटे मोजा. ९.८ मिलिमीटरच्या आसपास भरले तर २६ चे, १०.६ च्या आसपास भरले तर २४ चे. व्हर्नियर नसेल तर नवी कटोरी फक्त बोटांनी फिरवून पाहा. स्वच्छ, तेल लावलेल्या आट्यांत ती तीन-चार फेरे बोटांनीच जायला हवी. नाही गेली तर ती आपली नव्हे.

हे प्रकरण ब्रँडच्या नावावरूनही सुटत नाही. रॅलेनं हंबर १९३२ मध्ये, रज १९४३ मध्ये आणि बीएसएचा सायकल विभाग १९५७ मध्ये घेतला. १९६० मध्ये फिलिप्स आणि हर्क्युलिससुद्धा त्याच छत्राखाली आले. त्यामुळे १९५० ची बीएसए आणि १९६२ ची इंग्लिश बीएसए आतून एकसारखी असेलच असं नाही. शिवाय मद्रासची हर्क्युलिस आणि बर्मिंगहॅमची हर्क्युलिस यांचं नाव एक असलं तरी भाग एकमेकांना लागतीलच असं धरून चालू नका. म्हणूनच सालाचा इतका आग्रह. साल कळलं की आटे कोणते असावेत याचा अंदाज येतो, आणि मोजमापानं तो पक्का होतो.

उजवी कटोरी, म्हणजे चेनच्या बाजूची, उलट्या आट्यांची असते. ती चांगली असेल तर काढूच नका, जागेवरच रॉकेलनं धुवा. छर्रे मात्र सगळे बदला. बीबीला पाव इंची, प्रत्येक बाजूला अकरा. रॅलेच्या पुढच्या हबला ३/१६ चे दहा-दहा, आणि हेडसेटच्या प्रत्येक वाटीत ५/३२ चे पंचवीस. जुन्या छर्‍यांत दोन-चार नवे मिसळणं ही काटकसर नाही, कारण नवा छर्रा तिळभर मोठा असतो आणि सगळा भार त्याच्यावर येऊन कोनला, म्हणजे छर्रे ज्याच्यावर फिरतात त्या भागाला, खड्डा पडतो. छर्रे स्वस्त आहेत, जुना कोन मिळत नाही.

क्रँक ॲक्सलला धरून ठेवणारी कॉटर पिन काढताना खूप नुकसान होतं. क्रँक अधांतरी ठेवून हातोडी मारली की प्रत्येक घाव छर्‍यांवर जातो आणि कटोरीत ठसे उमटतात. पिनच्या जाड टोकाला सामावून घेईल अशी लोखंडी नळी क्रँकखाली जमिनीला टेकवून उभी करा, वर नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल ठेवा आणि एकच नेमका घाव घाला. पिन हलत नसेल तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. नवी पिन घेताना जाडी बघा. रॅलेला ९.५ मिलिमीटरची लागते, बाजारात ९ मिलिमीटरचीही असते, आणि ती पातळ पिन नट आवळूनही कधीच बसत नाही. दोन्ही पिना अशा घाला की प्रत्येक क्रँक पुढे आडवी आल्यावर पिनचा नट एकाच दिशेला, दोन्हीकडे वर किंवा दोन्हीकडे खाली यावा. उलटसुलट घातल्या तर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर पिन पुन्हा ठोकून नट आवळायचा. हे केलं नाही तर प्रत्येक फेऱ्याला टक्‌ असा आवाज सुरू होतो आणि महिनाभरात पिन कापली जाते.

टायरच्या बाबतीत अडचण आकड्यांची आहे. टायरवर २६ लिहिलंय म्हणून तो बसेल असं नाही. २६ बाय १ ३/८ चा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो. जुन्या इंग्लिश हलक्या सायकलींना लागणारा २६ बाय १ १/४ चा टायर ५९७ च्या रिमवर. सात मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण एकाचा टायर दुसऱ्याला लागत नाही. आनंदाची गोष्ट अशी की ५९० चा टायर लेडीज सायकलीला लागतो, त्यामुळे तो तालुक्याच्या दुकानात मिळतो. ५९७ चा सहज मिळत नाही, आणि तशी सायकल घेण्याआधी हा विचार करावा. टायर, ट्यूब, केबल, ब्रेकचे रबर या झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्यांना सालाचा नियम लावू नये. आकार बरोबर हवा, एवढंच. पातळ भिंतीचे, जुन्या धर्तीचे भारी टायर बघायला सुंदर दिसतात, पण पावसाळा संपून सराटे वाळले की आपल्या रस्त्यांवर ते दोन दिवस टिकत नाहीत. बाभळीच्या काट्याचं तर नावच नको. जाड रबराचा साधा काळा टायर लावा, आणि स्टीलच्या सरळ कडांच्या रिमवर पन्नास पौंडांच्या वर हवा भरू नका.

नवी रिम किंवा हब घेताना भोकं मोजा. ब्रिटिश पद्धतीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. ३६ भोकांची रिम ४० च्या हबवर बांधता येत नाही. रिमचा आकारही पाहा. दांडी ब्रेकची वेस्टवुड रिम आतून दाबली जाते, तिच्या कडा गोल. केबल ब्रेकची एंड्रिक रिम बाजूनं दाबली जाते, तिच्या कडा सपाट. वेस्टवुड रिमला कॅलिपर ब्रेक लावला तर रबर गोल कडेवरून निसटतं, आणि उतारावर ते कळतं. रॅलेच्या पुढच्या चिमट्याचे खाचे अरुंद असतात, कारण तिचा ॲक्सल ५/१६ इंची. त्यात आजचा जाड ॲक्सल बसवायला खाचे कानशीनं रुंद करणं म्हणजे मूळ चाक कायमचं घालवणं.

ए.डब्ल्यू. हब १९३६ मध्ये आलं आणि इतकं भक्कम निघालं की साठ-सत्तर वर्षं पडून राहिलेलं हबसुद्धा बहुधा फक्त साफसफाई आणि तेल मागतं. त्याच्याऐवजी एस.डब्ल्यू. कोरलेलं हब निघालं तर विचार करा. पन्नाशीच्या उत्तरार्धातल्या त्या मॉडेलचे पॉल (आतले पकड घेणारे खटके) नीट पकडत नाहीत. ते त्या सालाला बरोबर असलं तरी रोज चालवायच्या सायकलीला मी ए.डब्ल्यू. लावेन, आणि एस.डब्ल्यू.चं चाक तसंच्या तसं बाजूला ठेवेन.

हबमध्ये तेल सोडायला पितळी किंवा प्लॅस्टिकची छोटी टोपी असते. आधी थोडं रॉकेल सोडून चाक फिरवायचं, काळं पाणी गळू द्यायचं, मग मोटरचं वीस किंवा तीस नंबरचं तेल एक चहाचा चमचा. पुढे महिन्याला थोडे थेंब. शिलाई मशीनचं पातळ तेल वाळून चिकट होतं. खेड्यात चेनला खोबरेल लावायची सवय आहे, ते हबमध्ये कधीही जाऊ नये. खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं, आणि विदर्भात पौषातली पहाट दहा अंशांच्या खालीही जाते. पॉलची स्प्रिंग केसाएवढी नाजूक असते, तेल घट्ट झालं की पॉल उघडत नाही आणि पायडल रिकामं फिरतं.

गिअर जुळवणं सोपं आहे, पण ते नीट केलेलं क्वचित दिसतं. ट्रिगर, म्हणजे गिअर बदलायची हँडलवरची कळ, मधल्या गिअरला ठेवा. उजव्या नटाच्या छिद्रातून आत बघा. केबलला जोडलेल्या छोट्या साखळीच्या सळईचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी अगदी समपातळीत दिसला पाहिजे. तो येईपर्यंत केबलचा नळीदार नट फिरवा आणि लॉकनट आवळा. हे चुकलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा सापडते. तिथे जोर लावून उभं राहिलेल्याचा पाय एकदम खाली जातो आणि माणूस वरच्या दांडीवर आपटतो.

मागचा दातेरी (मागच्या हबवरचं दात्यांचं चक्र) मात्र कॅटलॉगप्रमाणे असावा असा माझा हट्ट नाही. पुढे ४६ आणि मागे १८ दाते हे इंग्लंडच्या डांबरी रस्त्यांसाठी होतं. मागे २० किंवा २२ दाते लावले तर काळ्या मातीच्या पांदणीवर आणि मेळघाटाच्या पायथ्याच्या चढावर गुडघे वाचतात. पन्नाशीच्या सुरुवातीनंतरच्या हबवर दातेरी तीन खाचांवर बसून सर्कलिपनं (स्प्रिंगच्या तारेच्या कड्यानं) अडकतो, त्यामुळे हा बदल पंधरा मिनिटांचा, आणि परत फिरवता येणारा. तेव्हाचे जाणते सायकलस्वारही तो करत असत.

५३१ ची सायकल मिळालीच तर नियम जास्त कडक ठेवावेत, कारण तिथे एकेक भाग निवडूनच लावलेला असतो. ही नळी १९३५ मध्ये आली. फ्रेमवरचं चिकटचित्र उडालेलं असलं तरी सीटपोस्टचं माप सांगतं. २७.२ मिलिमीटरचा पोस्ट नीट बसत असेल तर नळी पातळ आणि चांगल्या दर्जाची असण्याची दाट शक्यता. साध्या लाईट रोडस्टरला २५.४ किंवा त्याच्या आसपासचा लागतो. गिअरमध्ये, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरमध्ये, सर्वांत जास्त चुका होतात. इटलीच्या कँपाग्नोलो कंपनीचा ग्रान स्पोर्ट १९५१ चा, रेकॉर्ड १९६३ चा, नुओवो रेकॉर्ड १९६७ चा. १९५५ च्या फ्रेमवर नुओवो रेकॉर्ड हा डोळ्यात खुपणारा गोंधळ आहे, कितीही महाग असला तरी. तिथे सिंप्लेक्स, ह्युरे किंवा बेनेलक्स शोभतो. अशा नळीवर गावच्या गॅस वेल्डिंगचा डाग दिसला तर सायकल चालवण्यासाठी घेऊ नका. अति तापलेली पातळ नळी डागाशेजारीच तुटते.

रंगाबद्दल माझं म्हणणं थोडक्यात. मूळ रंग साठ टक्के उरला असेल तर त्याला हात लावू नका. पावडर कोटिंगचा जाड थर लगच्या धारा आणि फ्रेमचा नंबर बुजवतो. गंजासाठी एक लिटर पाण्यात दोन-तीन चहाचे चमचे ऑक्झॅलिक ॲसिड, प्लॅस्टिकच्या टबात, हातमोजे घालून, आणि पोरंबाळं, गुरंढोरं लांब ठेवून, कारण ते विषारी आहे. दर काही तासांनी बघत राहा. जास्त वेळ ठेवलं तर पिवळट थर बसतो. काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, उन्हात लगेच वाळवा, तेल पुसा. क्रोमवर चिंच-राखड घासू नका, बारीक चरे पडतात. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासला की पुरतं. पुन्हा क्रोम करून घेताना पॉलिशवाला कोरलेले आकडेही घासून टाकतो, म्हणून हब आणि क्रँक त्याच्याकडे पाठवूच नयेत.

चामड्याची सीट असेल, ब्रूक्सची बी-६६ किंवा बी-७२, तर वैशाखातलं ऊन तिचा मुख्य शत्रू. चामडं खालच्या बाजूनंच हलकं तेलवायचं. भरपूर तेल पाजलं तर ते पोळीसारखं मऊ पडतं आणि मग ताणाचा बोल्ट कितीही फिरवला तरी झोळ जात नाही.

डायनोहब, म्हणजे दिव्यासाठी वीज तयार करणारं हब, असलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आतला लोहचुंबक आर्मेचरपासून (तारेच्या गुंडाळीपासून) वेगळा करायचा झाल्यास त्याच क्षणी त्याच्या पोकळीत लोखंडी गोळा किंवा कडं सरकवत न्यायचं, मधे फट पडू द्यायची नाही. उघडा पडलेला चुंबक आपली बरीचशी ताकद तिथल्या तिथे गमावतो, आणि मग सहा व्होल्टचा दिवा मिणमिणतो. बहुतेक वेळा उघडायची गरजच नसते. तारेची टोकं घासून नवी वायर जोडली की उजेड येतो.

काढलेला प्रत्येक भाग, मग तो प्लॅस्टिकचा का असेना, पिशवीत घालून त्यावर सायकलीचा नंबर आणि कुठून काढला ते लिहून ठेवा. दातेरी बदललात तर जुना १८ दातांचा तिथेच, सर्कलिपसकट.